एका घरातील दोन बालपणे : गोड आणि कडू आठवणी एकमेकांना कशा सांगाव्यात

कोकणातल्या कितीतरी घरांमध्ये सख्ख्या भावंडांचे बालपण एका छपराखाली गेलेले नाही. वडील मुंबईत गिरणीत किंवा गोदीत, आई कधी त्यांच्याजवळ तर कधी शेतीसाठी गावी, एक मुलगा शिकायला म्हणून मुंबईला नेलेला आणि थोरली मुलगी आजीच्या हाताखाली गावीच ठेवलेली, अशी विभागणी रत्नागिरी-सिंधुदुर्गात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो लांबत गेला, तेव्हा अनेकांनी मुंबईच्या शाळेतून मुलांची नावे काढून त्यांना गावच्या शाळेत घातले, म्हणजे उलट दिशेनेही ताटातूट झाली. ती मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांचे आईवडील हयात असतील तर ते बहुधा पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत. गणपतीला सगळे गावी जमतात, बालपणाचा विषय निघतो, आणि एकाने प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीवर दुसरा गप्प होतो किंवा उठून आत निघून जातो, असे पुष्कळ घरांत घडते.

हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे. माझे ठाम मत असे आहे की आठवण सांगता न येणे ही क्वचितच खरी अडचण असते. ती ऐकून घेण्याची घराने तयारीच केलेली नसते. म्हणून पुढे सांगणाऱ्याइतकेच, किंबहुना थोडे अधिक, ऐकणाऱ्याबद्दल लिहिले आहे.

आधी स्वतःपुरते लिहून काढावे

कोणाजवळ बोलण्यापूर्वी आपली आठवण एकदा कागदावर उतरवावी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगाबद्दल सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगितले होते. ज्यांनी घडलेली घटना आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक उदास वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे आरोग्य केंद्रात जाणे इतरांपेक्षा कमी झाले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम एवढा ठळक दिसला नाही, म्हणून लिहिण्याला औषध मानू नये. मात्र तयारी म्हणून त्याचा उपयोग निश्चित होतो. तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटे, शुद्धलेखनाची किंवा अक्षराची फिकीर न करता लिहावे आणि ती वही कोणाला दाखवायची नाही हे आधीच ठरवावे. लिहिल्यामुळे झोप उडत असेल किंवा अस्वस्थता दिवसेंदिवस वाढत असेल, तर तिथेच थांबावे.

लिहिताना प्रत्येक गोष्टीपुढे एक खूण करावी: हे मी स्वतः पाहिले, हे मला कोणी सांगितले, की हा माझा अंदाज आहे. बहुतेक माणसांना वयाच्या तीन-साडेतीन वर्षांआधीचे काही आठवत नाही. त्याआधीचे जे डोळ्यांसमोर येते ते पुष्कळदा मोठ्यांच्या बोलण्यातून किंवा एखाद्या फोटोवरून तयार झालेले असते. आठवण ही दर वेळी नव्याने रचली जाते हे इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते. याचा अर्थ आपली आठवण खोटी असा होत नाही. पण कोणता भाग आपला आणि कोणता ऐकलेला हे आपल्याला ठाऊक असले, की पुढे भावंडांशी बोलताना "मला असं आठवतं" आणि "असंच झालं होतं" यांत फरक करता येतो, आणि निम्मी भांडणे त्या फरकानेच टळतात.

साल आठवत नसेल तर खूण शोधावी

गावाकडच्या वडीलधाऱ्यांना "हे कोणत्या साली झालं?" असे विचारले की बोलणे तिथेच अडते. त्याऐवजी सर्वांच्या ओळखीच्या घटनेचा आधार द्यावा. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या माणसाला त्या दिवसांतले घरातले रडणे आठवत असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने कोकणातही घरे हादरली. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, २६ जुलै २००५ च्या पावसात महाड परिसरात दरडी कोसळल्या. "तू शाळेत जायला लागलीस ते कोयनेच्या आधी की नंतर?" या प्रश्नाला उत्तर मिळते.

याहून उपयोगी खुणा घराच्या स्वतःच्या असतात. गवती छपरावर कौले चढली ते वर्ष, वाडीत वीज आली ते वर्ष, विहिरीवरचा रहाट काढून पंप बसवला ते, पाडा विकून धाकट्या काकांचे लग्न केले ते, मुंबईला बोटीने जाणे संपून लाल एस्टीने जाणे सुरू झाले ते. एका मोठ्या कागदावर मध्ये आडवी रेघ ओढून या खुणा तिच्यावर लिहाव्यात, रेघेच्या वरच्या बाजूला मुंबईत काय चालले होते आणि खालच्या बाजूला गावी काय चालले होते ते भरत जावे. अनेक घरांत या कागदावरच पहिल्यांदा लक्षात येते की मुंबईत नवा रेडिओ आला त्याच वर्षी गावी म्हातारी अंथरुणाला खिळली होती आणि दहा वर्षांची नात तिचे सगळे करत होती. कोणी कोणावर आरोप न करताही ते समोर येते.

कोणाला आणि केव्हा

गोड आठवण भरल्या घरात सांगावी. दुखरी आठवण पहिल्यांदा एकाच माणसाला सांगावी. तो माणूस निवडताना एवढेच पाहावे की पूर्वी सांगितलेली गोष्ट त्याने स्वतःजवळ ठेवली होती का, आणि दुसऱ्याचे ऐकताना तो स्वतःचे घोडे पुढे दामटतो का. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यालाच ती आठवण सर्वांत आधी सांगायला जाऊ नये. आधी दुसऱ्या कोणाजवळ ती बोलून झाली की शब्द सापडलेले असतात आणि रागाचा पहिला जोर ओसरलेला असतो.

गणपतीचे दिवस यासाठी सर्वांत वाईट. आरत्या, भजने, नैवेद्य, पाहुण्यांची वर्दळ, आणि परतीच्या गाडीचे तिकीट सर्वांच्या खिशात असते. शिमग्यात पालखी घरी येणार असते तेव्हाही तेच. त्याऐवजी विसर्जनानंतर एखादा दिवस जास्त राहावे, किंवा मे महिन्यातली दुपार निवडावी. दारू घेतल्यावर जीभ सैल होते म्हणून त्या वेळेची वाट पाहणारे पुष्कळ आहेत. त्या रात्री बोललेले दुसऱ्या दिवशी कोणी कबूल करत नाही आणि सांगणारा पुन्हा एकटा पडतो, म्हणून ते कटाक्षाने टाळावे.

समोरासमोर खुर्च्या मांडून बसण्यापेक्षा हातांना काम असावे. पडवीत शेजारी शेजारी बसून आठळ्या सोलताना, वाल निवडताना, रातांबे फोडून सोले आणि बिया वेगळ्या करताना नजर हातांकडे असते, मध्ये गप्प राहिले तरी अवघड वाटत नाही, आणि नको झाले तर "पाटी भरली" म्हणून उठताही येते. ज्यांना घराबाहेर बरे वाटते त्यांनी जुन्या शाळेच्या वाटेने चालत जावे.

घराच्या नकाशापासून सुरुवात

"तुझं बालपण कसं होतं?" या प्रश्नाला "बरं होतं" याखेरीज उत्तर येत नाही. म्हणून वस्तू आणि जागा यांपासून सुरुवात करावी. जुन्या घराचा साधा नकाशा कागदावर काढायला घ्यावा: खळे, ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, गोठा, मागची विहीर. मग एकेक प्रश्न विचारावा. रात्री कोण कुठे झोपत असे? घोंगडी किती होती आणि पावसाळ्यात ती कोणाच्या वाट्याला येई? जेवायला आधी कोण बसे, आणि शेवटी बसणाऱ्याला काय उरे? मनीऑर्डर आली की पोस्टमनसमोर अंगठा कोण उठवी? मुंबईहून ट्रंक आली की ती कोण उघडी?

या शेवटच्या प्रश्नावर मला वेगवेगळ्या घरांत जवळजवळ सारखीच एक गोष्ट ऐकायला मिळाली आहे. ट्रंकेत नवे फ्रॉक असत. मुंबईत आईने ते मोठ्या हौसेने, दादरच्या गर्दीत पायपीट करून निवडलेले असत, आणि आईच्या दृष्टीने ती आठवण अतिशय आनंदाची असते. गावच्या मुलीला तो फ्रॉक काखेत काचतो, बटणे लागत नाहीत, कारण आईने माप धरलेले असते ते मागच्या गणपतीत पाहिलेल्या मुलीचे. मुलगी तो फ्रॉक तसाच, पाठीवर बटणे उघडी ठेवून, वर आजीची ओढणी घेऊन घालते, आणि आपण किती वाढलो हे आईला माहीत नाही एवढे तिला त्या दिवशी समजते. तीच वस्तू, तोच दिवस, आणि दोघींची आठवण खरी. म्हणून गोड आणि कडू असे दोन गठ्ठे करून बसू नये. वस्तूबद्दल विचारावे, त्यातून जे येईल ते येऊ द्यावे.

वासाचा उपयोगही मुद्दाम करावा. पहिल्या पावसानंतरचा गोठा, भाताच्या पेजेला आलेली वाफ, भाजलेला सुका बोंबील, कंदिलाच्या काचेवर जमलेली काजळी, यांपैकी एखादी गोष्ट जवळ असली की एरवी न बोलणारी माणसे आपणहून बोलू लागतात. आनंदाची आठवण आली तर ती घाईने उरकू नये. पुढे दुःखाचे काही सांगायचे आहे म्हणून आधी चार गोड शब्द, असा तिचा वापर होऊ नये. चोरून पाडलेल्या कैऱ्या कोणत्या कलमाच्या होत्या, राखणदाराने कसे पकडले, मीठ-तिखट कोणी आणले होते, हे सगळे विचारावे. दशावतारी नाटकाच्या रात्री झोप अनावर होऊन कोणाच्या मांडीवर डोके टेकले होते, याचे उत्तर कधी कधी तासभराचे असते.

दुखऱ्या आठवणीची वेळ आली की

सांगणाऱ्याने पहिले वाक्य आधीच ठरवून ठेवावे आणि त्यात आपल्याला काय हवे ते सांगून टाकावे: "मला तुला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, सल्ला नको, कोणाला जाब विचारायचाही नाही, फक्त ऐकून घे." मग बाहेरून आत जावे. आधी दिवस, जागा, कोण कोण होते. त्यानंतर त्या वेळी त्या मुलाला काय वाटले. आणि सर्वांत शेवटी आज त्याबद्दल काय वाटते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आजच्या निष्कर्षापासून सुरुवात केली ("तुम्ही मला टाकलंत") तर समोरचा लगेच बचावाला उभा राहतो आणि मूळ प्रसंग सांगायचा राहूनच जातो. सगळे एका बैठकीत सांगण्याचा हट्ट नसावा. "आज एवढंच" म्हणून थांबण्याचा अधिकार सांगणाऱ्याचा आहे.

ऐकणाऱ्याचे काम याहून कठीण आहे. "जाऊ दे गो, आता त्याचं काय", "आईबापाबद्दल असं बोलू नये", "आमच्या वेळी सगळेच मार खायचे", "पण त्यांनी तुझ्यासाठी किती केलं" ही वाक्ये आपल्याकडे इतकी सवयीची आहेत की ती तोंडातून निसटतात आणि माणूस त्यानंतर वर्षानुवर्षे त्या विषयावर बोलत नाही. त्याऐवजी "मग काय झालं?", "तेव्हा तुझ्याजवळ कोणी होतं का?", "हे मला माहीत नव्हतं" एवढेच म्हणावे. "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" असे तर कधीच विचारू नये, कारण त्या प्रश्नात मुलालाच दोषी धरलेले असते. शांतता भरून काढण्याची घाई करू नये. आणि दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, एवढे जरूर म्हणावे: "काल बोललीस ते माझ्या मनात आहे." सांगून झाल्यावरची पहिली सकाळ अवघड असते, आपण उगाच बोललो असे वाटू लागते, आणि या एका वाक्याने ते ओझे उतरते.

बोलताना सांगणाऱ्याचा श्वास भरभर होऊ लागला, हात कापू लागले, किंवा नजर एकाच जागी खिळून तो ऐकेनासा झाला, तर प्रसंग तिथेच थांबवावा. पाय जमिनीला टेकवायला सांगावे, पाणी द्यावे, आज कोणता वार आहे, समोर काय दिसते अशा साध्या गोष्टी बोलाव्यात. वारंवार असे होत असेल तर घरच्या मायेवर सगळी भिस्त ठेवू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथे जाण्यात कमीपणा मानण्याचे दिवस आता गेले पाहिजेत.

एका प्रकारच्या आठवणीबद्दल वेगळे लिहिणे आवश्यक आहे. त्याच गणपतीत, त्याच खळ्याच्या कडेला, जातीमुळे ओटीवर न चढू दिलेले एखादे मूल उभे असे, आणि त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. ज्या किनारपट्टीवर महाडला पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला, तिथे अशा आठवणी नाहीत असे कोणी म्हणू नये. ते मूल आज साठीचे होऊन तुमच्यासमोर ती गोष्ट सांगत असेल आणि ती ओटी तुमच्या आजीची असेल, तर आजी स्वभावाने किती प्रेमळ होती हे त्या वेळी सांगू नये. आजीची बाजू मांडण्याचा तो प्रसंग नाही. ऐकावे, घडले ते चुकीचे होते असे स्पष्ट शब्दांत म्हणावे, आणि आपल्याला हलके वाटावे म्हणून त्या माणसाकडून क्षमेची अपेक्षा धरू नये.

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर

जुळणार नाहीतच. थोरली म्हणते मला आठवीतून काढले, आई म्हणते तुलाच शिकायचे नव्हते. अशा वेळी दोन्ही म्हणणी वहीत शेजारी शेजारी, सांगणाऱ्याच्या नावासह लिहावीत. जे तपासता येते ते तपासावे: शाळेच्या रजिस्टरात नाव कधी काढले त्याची तारीख असते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणही लिहिलेले असते, ट्रंकेच्या तळाशी मनीऑर्डरच्या पावत्या आणि निळी आंतर्देशीय पत्रे सापडतात. पण तारखेने तारीख ठरते, दुःख ठरत नाही. दाखल्यावर आठवीऐवजी नववी निघाली म्हणून थोरलीची तक्रार खोटी पडत नाही, आणि ती पाडण्यासाठी दाखला शोधू नये.

आईवडिलांचीही बाजू असते, आणि ती ऐकण्यासारखी असते. "तुला न्यायचंच होतं गो, पण दहा बाय दहाच्या खोलीत दोन बिऱ्हाडं, पाय ठेवायला जागा कुठे होती?" हे उत्तर देताना म्हातारीचा आवाज जड होतो, कारण तिनेही कोणते मूल बरोबर घ्यायचे आणि कोणते मागे ठेवायचे हे ठरवण्याचा भार एकटीने वाहिलेला असतो. माझा आग्रह एवढाच की मुलाचे बोलणे आणि आईचे उत्तर एकाच दिवशी होऊ नये. मुलाचे बोलणे पूर्ण ऐकून एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. मग आईला तिची गोष्ट, उत्तर म्हणून नव्हे तर तिची स्वतःची म्हणून, सुरुवातीपासून सांगू द्यावी. तीही वीस-बावीस वर्षांची होती हे मुलांना पुष्कळदा तेव्हाच प्रथम जाणवते.

लहान मुलांशी बोलताना

आपल्या आठवणी नातवंडांना सांगाव्यात, पण "आम्ही चिखलातून शाळेत जायचो, तुम्हाला काय कळणार" हा सूर लावला की मूल मोबाइलकडे वळते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी मुलांना आपल्या घराण्याच्या इतिहासाविषयी वीस प्रश्न विचारून अभ्यास केला, तेव्हा ज्या मुलांना घराच्या गोष्टी अधिक माहीत होत्या त्यांचा स्वतःवरचा विश्वासही अधिक दिसला. तेव्हा पडझडीच्या गोष्टी मुलांपासून लपवू नयेत. त्यांच्या वयाला झेपतील अशा, आणि त्यातून घर पुढे कसे उभे राहिले त्यासह सांगाव्यात.

नुकत्याच ओढवलेल्या संकटाची गोष्ट मात्र निराळी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. अशा घटनेनंतर लगेच मुलाला बसवून "काय काय पाहिलंस ते सांग" असे विचारू नये. सर्वांना एका बैठकीत सगळे वर्णन करायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. आधी सुरक्षित जागा, जेवण, झोप, ओळखीची माणसे. मूल आपणहून बोलले, चित्र काढले, खेळात पूर आणला तर सोबत बसावे.

आणि एखादे मूल आज आपल्यावर होत असलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगत असेल, तर तिथे हा लेख लागू होत नाही, तिथे कायदा लागू होतो. मुलावर विश्वास ठेवावा, तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, आणि १०९८ या बाल मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार माहिती असलेल्या प्रत्येकावर ते बंधनकारक आहे. घराची अब्रू हे त्यात कारण होऊ शकत नाही.

जपून ठेवताना

मोबाइलवर आवाज मुद्रित करायचा असेल तर सांगणाऱ्याला आधी विचारावे आणि बोलणे संपल्यावर पुन्हा एकदा विचारावे, कारण काय काय बोललो हे त्याला तोवर समजलेले असते. कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त ज्याला परवानगी मिळाली तेच टाकावे. दुसऱ्याच्या नावाचा उल्लेख असलेला भाग वेगळा ठेवावा. ज्यांची स्मृती आता क्षीण होत चालली आहे त्यांना "मला ओळखलंत का?", "सांगा बघू कोण ते" अशी परीक्षा घेऊन छळू नये, जुनी आरती सुरू करावी, हातात सुपारीचा अडकित्ता द्यावा, आणि त्या ज्या वर्षात असतील त्या वर्षातले त्यांच्याशी बोलावे.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच तारीख, गाव, सांगणाऱ्याचे नाव आणि कोण कोण हजर होते ते मोठ्याने बोलून ठेवावे. फाइलची नावे बदलतात, आवाजातली माहिती तिथेच राहते. एक प्रत गावच्या घरात आणि एक मुंबईत ठेवावी. वहीच्या शेवटच्या पानावर विचारायचे राहून गेलेले प्रश्न लिहावेत, आणि पुढच्या मे महिन्यात गावी जाताना ती वही सामानात सर्वांत वर ठेवावी.